बेल वाजेना? आधी दाराबाहेरचं बटण उघडा

दारावरची बेल वाजेनाशी झाली की बहुतेक घरांत सरळ नवी बेल आणली जाते. ती लावतात, बटण दाबतात आणि तीही मुकीच राहते. मग दुकानदाराशी वाद. मी आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड केला, पुढची सगळी वर्षं घरगुती फिटिंगच्या कामात गेली, आणि हा प्रकार इतक्या घरांत पाहिलाय की आता कोणी ‘बेल गेलीय’ म्हणून फोन केला की मी आधी विचारतो, ‘बटण उघडून बघितलंत का?’

बेल घरात असते. भिंतीवर, उंचावर, कोरड्या जागी. तिला वर्षानुवर्षं कोणाचा हात लागत नाही. बटण मात्र उंबऱ्याबाहेर. पावसाची झड त्याच्यावर, रस्त्याची धूळ त्याच्यावर, दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांची बोटं त्याच्यावर. दोघांत आधी कोण थकणार, हे उघड आहे. म्हणून बेल बदलण्याआधी वीज कुठून कुठे जाते हे एकदा नीट समजून घ्यावं. ते कळलं की नव्वद टक्के गोंधळ मिटतो, आणि वायरमनला बोलावलंत तरी तो काय करतोय ते तुम्हाला कळतं.

विजेची वाट

आपल्याकडची घरगुती बेल बहुतेक वेळा थेट २३० व्होल्टवर चालते. तिला दोनच वायर लागतात, फेज आणि न्यूट्रल. फेज म्हणजे वीज घेऊन येणारी, न्यूट्रल म्हणजे परतीची. हॉलच्या बोर्डातून फेज निघते, दाराबाहेरच्या बटणात जाते, बटणातून निघून बेलच्या एका टर्मिनलला, म्हणजे वायर स्क्रूने बसवायच्या जागेला, येते. बेलच्या दुसऱ्या टर्मिनलला न्यूट्रल बोर्डातून थेट येते, मध्ये कुठेही न तुटता. बटण दाबलं की फेजची वाट पुरी होते, बोट काढलं की तुटते. दिव्याचं बटण आणि बेलचं बटण यांत फरक एवढाच की बेलच्या बटणात आत स्प्रिंग असते. बोट काढताच ते आपोआप मागे येतं.

बटण फेजवरच हवं, ह्यावर मी अडून बसतो. चुकून ते न्यूट्रलवर घातलं तरी बेल वाजते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण मग बेलच्या दोन्ही टर्मिनलना चोवीस तास फेज असते. घरातला कोणी स्टुलावर चढून, ‘बेल तर बंदच आहे’ असं समजून झाकण काढतो आणि त्याला झटका बसतो. तो स्टुलावरून पडला तर दुखापत झटक्यापेक्षा पडण्याने मोठी होते. घर नवीन घेतलं असेल तर वायरमनकडून ही एक गोष्ट जरूर तपासून घ्या.

डिंग आणि डाँग

‘डिंग-डाँग’ बेलचं झाकण काढलं की आत फार काही नसतं. केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचं रिळासारखं गुंडाळलेलं कॉइल, त्याच्या पोकळीत सरकणारी एक लोखंडी दांडी, तिला मागे ओढणारी स्प्रिंग आणि दोन बाजूंना धातूच्या दोन पट्ट्या. दांडीला प्लंजर म्हणतात. बटण दाबलं की कॉइलमधून वीज जाते, कॉइल चुंबक बनतं, प्लंजरला आत खेचतं आणि प्लंजर पहिल्या पट्टीवर आदळतो. हा डिंग. बोट काढलं की चुंबकत्व जातं, स्प्रिंग प्लंजरला मागे फेकते आणि तो दुसऱ्या पट्टीवर आपटतो. हा डाँग. म्हणजे डिंग विजेचा आणि डाँग स्प्रिंगचा. हे लक्षात ठेवा, निदान करताना फार उपयोगी पडतं.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातली विद्युत घंटा वेगळी. तिच्यात टोल्याबरोबर वीज स्वतःच तुटते आणि पुन्हा जुळते, म्हणून ती ‘टर्रर्र’ वाजत राहते. डिंग-डाँग बेलला अशी वीज तोडणारी पट्टी नसते. तुम्ही बटण दाबून धरलंत तर ती एक डिंग देते आणि नंतर नुसती ‘घूंऽऽ’ करत बसते. ही घूं म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची धडधड. दर सेकंदाला शंभर वेळा चुंबकाची ओढ वाढते आणि कमी होते, तशी दांडी थरथरते.

आता बिघाडाकडे या. डिंग वाजतो पण डाँग नाही, म्हणजे वीज ठीक आहे आणि प्लंजर मागे येत नाही. एक तर स्प्रिंग सैल झालीय, नाही तर प्लंजर चिकटलाय, नाही तर बटणच दाबलेल्या अवस्थेत अडकलंय. बेल स्वयंपाकघराच्या तोंडाशी लावलेली असेल तर फोडणीच्या वाफेचा तेलकट चिकटा प्लंजरवर बसतो, त्यावर धूळ बसते, आणि दांडी जड होते. मेन बंद करून प्लंजर बाहेर काढा, कोरड्या सुती फडक्याने पुसा, कॉइलची पोकळीही कापडाच्या वातीने पुसून घ्या. तेल अजिबात घालू नका. खोबरेल घातलेल्या बेली मी कितीतरी साफ केल्यात. पहिले आठ दिवस छान चालतात, मग तेलावर धूळ बसून आतला लगदा होतो.

आवाज येतो पण ‘ठक्’ असा बोदा येतो, तर पट्ट्या बघा. त्या रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या बारीक आधारावर मोकळ्या टांगलेल्या असतात. कोणी स्क्रू करकचून पिळला असेल किंवा झाकण पट्टीला टेकत असेल तर पट्टी घुमूच शकत नाही. मंदिरातल्या घंटेला हाताने धरून टोल दिला तर जसं होतं, तसंच.

नुसती घूं येते आणि डिंगही नाही, तर प्लंजर बाहेरच अडकलाय. ह्या बाबतीत मात्र पुन्हा पुन्हा बटण दाबून ‘कधीतरी वाजेल’ अशी वाट बघू नका. प्लंजर आत शिरला की कॉइलचा अडथळा वाढतो आणि वीज कमी वाहते. तो बाहेरच अडला तर नेहमीपेक्षा जास्त वीज वाहत राहते, आणि कॉइल तापतं. बारीक तारेवरचं व्हार्निश जळायला लागतं. त्याचा वास एकदा घेतला की विसरता येत नाही, गोडसर आणि घशात बसणारा.

जळलेली कॉइल आणि दिवाळीचा रंग

दिवाळीच्या आधी घरोघरी रंगकाम निघतं, आणि दिवाळीच्या सुमारास मला जळलेल्या बेली सर्वांत जास्त दिसतात. कारण साधं आहे. रंगारी दाराची चौकट रंगवतो, बटणावर कागद लावायचा राहतो, ऑइल पेंटची एक धार बटणाच्या फटीत उतरते. रंग ओला असतो तोवर बटण मागे येतं. वाळल्यावर कोणी तरी पाहुणा ते दाबतो आणि ते आतच राहतं. घरात टीव्ही चालू असतो, घूं कोणाला ऐकू जात नाही. बेल काही क्षणांपुरती वीज घेण्यासाठी बनवलेली असते, तासभर नाही.

अशी एक बेल उघडलेली मला लख्ख आठवते. कॉइलचं प्लॅस्टिकचं रिळ एका बाजूने वितळून मेणबत्तीसारखं ओघळलं होतं, प्लंजर त्यात रुतून बसला होता, आणि मागची भिंत हाताच्या पंजाएवढी पिवळी पडली होती. घरच्यांना वास येत होता, पण ते गॅसपाशी शोधत होते. तेव्हा, बेल सतत गुणगुणत असेल किंवा तिच्याजवळ जळका वास येत असेल तर आधी एमसीबी, म्हणजे बोर्डातला जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच, पाडा, बाकी सगळं नंतर. जळलेली कॉइल बदलत बसू नका, नवी बेल घ्या. पण नवी बेल लावण्याआधी बटण बदला. ते न बदलता नवी बेल लावली तर ती त्याच वाटेने जाईल.

बटण उघडायचं कसं

आधी एमसीबी खाली. नंतर टेस्टर. पण टेस्टर आधी एखाद्या चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो ना ते पाहायचं, मग बटणाच्या टर्मिनलना लावायचा, आणि पुन्हा एकदा चालू सॉकेटमध्ये. मधल्या वेळी टेस्टरच बंद पडला असेल तर तो ‘वीज नाही’ असं खोटं सांगतो. आयटीआयमध्ये आमच्या सरांनी ही सवय इतकी घोटून घेतली होती की आज घरच्या दिव्यालाही मी तसंच करतो. बेलला कोणता एमसीबी आहे हे माहीत नसेल तर सरळ मेन बंद करा.

दोन स्क्रू काढले की बटण हातात येतं. पावसाळ्यानंतर कोकणातल्या घरचं बटण उघडलंत तर पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरी पूड दिसेल. दमट हवेने धातूवर चढलेला तो गंज. देशावर बहुधा काळी टिकली दिसते. बटण दर वेळी सुटताना दोन पट्ट्यांमध्ये बारीक ठिणगी पडते, तिने काळा थर साठतो आणि वीज जायला वाट राहत नाही. कधी मुंग्यांनी आत मातीचं घर केलेलं असतं. कधी पालीची अंडी. हे सगळं मऊ ब्रशने झाडून घ्या. पट्ट्यांवर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, पिवळा धातू दिसेपर्यंत. मग दोन्ही वायरी हळूच ओढून बघा. टर्मिनलच्या स्क्रूखालून वायर सटकलेली असणं, ज्याला आपण लूज कॉन्टॅक्ट म्हणतो, हा बेलचा सगळ्यात साधा आजार आहे. वायरचं टोक काळं पडलं असेल तर तेवढं कापून नवं तांबं सोला आणि स्क्रू घट्ट करा.

मल्टिमीटर असेल तर एमसीबी बंद ठेवूनच तो बीप वाजणाऱ्या खुणेवर आणा आणि त्याच्या दोन सुया बटणाच्या दोन टर्मिनलना लावा. दाबल्यावर बीप, सोडल्यावर शांतता, म्हणजे बटण चांगलं. दाबूनही बीप नाही किंवा सोडूनही बीप थांबत नाही, तर ते बदला. साफ केलेलं बटण एखादा मोसम काढतं. माझं मत विचाराल तर नवंच घालावं, कारण सगळ्या बेलमध्ये सर्वांत स्वस्त तेच आहे.

बटण चांगलं निघालं तर

मग बेलपाशी यायचं. इथून पुढच्या दोन चाचण्या चालू विजेवर होतात, म्हणून त्या वायरमनने कराव्यात. पण त्यामागचा विचार तुम्हाला कळायला काहीच हरकत नाही.

पहिली चाचणी टेस्ट लॅम्पची. होल्डरमध्ये तारेचा जुना बल्ब, होल्डरला दोन वायरी. त्या बेलच्या दोन टर्मिनलना लावायच्या आणि दुसऱ्याने बटण दाबायचं. बल्ब नीट पेटला तर बटण, फेज, न्यूट्रल सगळं ठीक, आणि दोष बेलचाच. पेटला नाही तर बेल निर्दोष असण्याची शक्यता मोठी, दोष वाटेत. एका चाचणीत अर्धा प्रश्न सुटतो. ह्यासाठी एलईडी बल्ब नको. लांबच्या वायरींमध्ये शेजारच्या फेजमुळे उगाच थोडा दाब, म्हणजे व्होल्टेज, येतो, त्यावरही तो मिणमिणतो आणि फसवतो.

दुसरी टेस्टरची, आणि ही मला फार आवडते. बटण दाबून धरलं असताना टेस्टर बेलच्या दोन्ही टर्मिनलना लावायचा. एकाही ठिकाणी पेटला नाही तर फेजच येत नाहीये, म्हणजे बटण, वायर किंवा एमसीबी. एका टर्मिनलवर पेटला, दुसऱ्यावर नाही, आणि प्लंजर मोकळा असूनही बेल गप्प, तर बहुधा कॉइलची तार आत तुटलीय. आणि दोन्हीकडे पेटला तर? नवशिका म्हणतो, ‘वाह, वीज भरपूर आहे.’ प्रत्यक्षात न्यूट्रल तुटलेली असते. फेज कॉइलमधून पलीकडे पोचलेली असते, तिला परतीची वाट मिळत नाही, म्हणून ती दुसऱ्या टर्मिनलवर उभी राहते. नवी बेल लावूनही गप्प राहते अशी जी घरं असतात, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी शेवटी हेच निघतं. न्यूट्रलचा जोड बोर्डात सैल झालेला असतो, किंवा माळ्यावर उंदराने वायर कुरतडलेली असते.

संगीताच्या, पक्ष्यांच्या, मंत्रांच्या आवाजाच्या बेलींचं गणित निराळं. त्यांत कॉइलऐवजी छोटं सर्किट आणि स्पीकर असतो, आणि २३० व्होल्टचा दाब उतरवायला बहुधा एक कॅपॅसिटर असतो. तो कमजोर झाला की आवाज चिरका येतो, अर्ध्यात तुटतो, मग थांबतो. त्या सर्किटचा कुठलाही भाग थेट मेनला जोडलेला असू शकतो, म्हणून झाकण उघडं ठेवून ती चालवून बघण्याचा मोह आवरा. बटणावर लाल बारीक दिवा असेल आणि बेल रात्री आपोआप कुरकुरत असेल, तर तो दिवाच कारण असतो. बटण न दाबताही त्याच्यातून बेलकडे थेंब थेंब वीज जात असते. साधं, बिनदिव्याचं बटण घाला.

वायर नव्याने टाकायची तर

आयएसआय मार्कची, १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाईपातून किंवा केसिंग-कॅपिंगमधून न्या. टेलिफोनची किंवा स्पीकरची बारीक वायर चौकटीला खिळे ठोकून नेलेली मी पाहिलीय. ‘बेलच तर आहे, तिला कितीशी वीज लागते’ असं म्हणतात. वीज कमी लागते हे खरं, पण त्या वायरीत दाब २३० व्होल्टचाच असतो, आणि तिचं आवरण त्यासाठी बनलेलं नसतं.

दोन मजल्यांवर दोन बेली हव्या असतील तर त्या पॅरलल जोडायच्या, म्हणजे दोघींना आपापली फेज आणि न्यूट्रल. एकीतून दुसरीत अशी रांगेत जोडली तर दाब दोघींत वाटला जातो आणि दोघी नुसत्या गुणगुणतात. दोन बटणं, एक बेल असेल तर बटणं एकमेकांना पॅरलल.

बंगल्याच्या फाटकावर बेलचं बटण लावायचं असेल तर मी २३० व्होल्ट तिथवर नेत नाही. जून ते सप्टेंबर ते बटण भिजणार, आणि ओल्या बोटाने, अनवाणी उभं राहून ते कोणी लहान मूल दाबणार. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, हवा, आणि फाटकासाठी बॅटरीची वायरलेस बेल किंवा १२ व्होल्टची जोडणी. वाड्याच्या दाराला हौसेने पितळी बटण बसवलं असेल तर त्याच्या धातूला अर्थिंग द्यायलाच हवं.

अमेरिकेतून येताना मुलं आईवडिलांसाठी व्हिडिओ डोअरबेल आणतात, आणि ती जुन्या बेलच्या वायरींना जोडून द्या म्हणतात. ती तशी जोडली तर जळेल. तिकडे घरात १२० व्होल्ट असतात आणि बेलसाठी एक छोटा ट्रान्सफॉर्मर तो दाब बहुधा १६ व्होल्टवर उतरवतो. वायरवर चालणारी बहुतेक व्हिडिओ बेल साधारण १६ ते २४ व्होल्टसाठी बनलेली असते. आपल्या भिंतीतल्या वायरीत थेट २३० आहेत. बॅटरीवर चालणारी आणा, नाही तर तिच्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवून घ्या. तिकडे राहणाऱ्यांनी स्वतःची बेल दुरुस्त करताना आपल्या गावच्या सवयीने जाऊ नये. तिथल्या बेलमध्ये फ्रंट, ट्रान्स आणि रिअर अशी तीन टर्मिनलं असतात. पुढच्या दाराला डिंग-डाँग, मागच्याला नुसता डिंग. पुढची वायर चुकून रिअरला लागली की लोक ‘बेल अर्धीच वाजते’ म्हणतात.

वाजूनही न ऐकू येणारी बेल

आमच्या गल्लीतल्या एका आजींनी तीनदा बेल बदलली. चौथ्यांदा मला बोलावलं. मी बटण दाबलं, बेल खणखणीत वाजली, आणि आजी आत गवार मोडत तशाच बसून होत्या. कान गेले होते, हे त्यांना स्वतःलाच उमगलं नव्हतं. बेलच्या दोन टर्मिनलपासून दोन वायरी घेऊन मी स्वयंपाकघरात एक होल्डर बसवला, दुसरा त्यांच्या खाटेसमोर. दोन्हींत एलईडी बल्ब. बेल आणि बल्ब पॅरलल, त्यामुळे बोट बटणावर असेपर्यंत बेलबरोबर दिवेही पेटतात. पण लोक बटणाला नुसता स्पर्श करून बोट काढतात, तेवढ्यात दिवा लुकलुकतो आणि नजर दुसरीकडे असली तर निसटतो. म्हणून आजींनी वहीच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून बटणाखाली चिकटवलंय, ‘तीन आकडे मोजेपर्यंत दाबून धरावे’.